उद्याच्या मुलाखतीची रंगीत तालीम

हॅलो?… हां ताई, बोल… झोपते कुठे, अजून दिवे लागायचेत… हो, त्या वकिलांच्या फर्मची, उद्याच. सकाळी… नाही, जायचं नाही कुठे, घरूनच. लॅपटॉपसमोर बसायचं… अगं, नुसती मुलाखत नाही, दिवसभराचं प्रकरण आहे. आधी लेखी, मग पाच-सहा उमेदवारांना एकत्र घेऊन चर्चा, मग मुलाखत… जेवण? जेवण ते कसं देतील, ताई? मी माझ्या घरात असणार आहे.

तयारी?… झालीय म्हणायची. खोलीची तरी झालीय. टेबल कपाटापाशी ओढलं. खिडकीकडे तोंड केलं की मी भुतासारखी दिसते आणि पाठ केली की दिसतच नाही… ह्यांनी बघितलं ना. दुसऱ्या खोलीत बसून फोनवरून बघत होते. म्हणाले, “चेहरा ओळखू येतोय.” तेवढ्यावर समाधान मानलं… छे, मागे पुस्तकं नाही ठेवली. चादर लावलीय. साधी, इस्त्री करून… हो, चादरीला इस्त्री. हस तू.

अगं ऐक ना, खरं पुढेच आहे. दुपारी हे म्हणाले, एकदा खोटी मुलाखत घेऊन बघू. दोन प्रश्न विचारले आणि ह्यांना हसूच आवरेना. मी लॅपटॉप मिटून उठले, तर दारात सासूबाई… हो, त्याच. दुसरी सासू कुठून आणू? म्हणाल्या, “मी घेते.”… हो ना! जन्मभर शाळेत पर्यवेक्षिका होत्या… अगं, माझं शिक्षण त्यांना कधीच पटलं नाही, हे काय तुला नव्याने सांगायचंय? चाळिशीत लॉ कॉलेजला निघाले, तेव्हा महिनाभर माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलायच्या. म्हणून तर चाट पडले मी.

बसल्या समोर. चष्मा पुसला. ह्यांना म्हणाल्या, “बाहेर हो आणि दार लाव.” गेले निमूट. मग मला, “स्वतःबद्दल सांगा.” सांगा! अहो-जाहो, ताई… लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

मग विचारलं, “वकिलीच का?” मी धडाधड म्हणून दाखवलं. उद्योगजगताची आवड, गुंतागुंतीचे प्रश्न, सगळ्यांबरोबर मिळून काम… हो, लेकीनेच शोधून दिलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “पाठांतर चांगलं आहे. आता उत्तर द्या.”

…तेच तर! आणि मग, ताई… नाही, हे तुला कधी सांगितलंच नाही मी. तू तेव्हा सासरी होतीस. आपलं दुकान खाली करायला सांगितलं होतं ना, तेव्हा बाबा मला घेऊन एका वकिलांकडे गेले होते. ते बोलत होते आणि बाबा मान डोलवत होते. “हो साहेब. बरोबर साहेब.” मला वाटलं, समजतंय त्यांना. बाहेर आलो. जिन्यात थांबले, कठडा धरला आणि मला म्हणाले, “काय गं म्हणाले ते?”… नाही, मलाही नव्हतं कळलं. तसंच सांगितलं मी. परत वर जाऊन विचारायची दोघांचीही छाती झाली नाही. उतरलो खाली.

…हो ताई, म्हणूनच नव्हतं सांगितलं.

हेच सांगितलं सासूबाईंना. म्हटलं, समोरच्याला कळेल असं बोलणारी वकील व्हायचंय मला. बस… नाही, रडले नाही. त्याही नाही. लगेच पुढचा प्रश्न. “फर्म दुसऱ्या शहरात. प्रशिक्षण दोन वर्षांचं. घराचं काय?”… छे गं, लेकीने दिलेल्या प्रश्नांत हा नव्हताच. हा त्यांचा स्वतःचा होता… मी काय म्हणणार? म्हटलं, “हे त्यांच्या परीने करतील. पण तुम्ही नाही म्हणालात, आई, तर निवड होऊनही मला जाता यायचं नाही.”… त्या? “वेळ संपली,” म्हणाल्या. आणि उठल्या… हो, एवढंच! तेव्हापासून स्वयंपाकघरात आहेत. भांडी वाजतायत, पण रागाने की अशीच, ते कळत नाही… ह्यांना विचारू? हे तर त्या दारापर्यंतही जायला तयार नाहीत.

…नको. तू मुळीच बोलू नकोस त्यांच्याशी. ताई, नको म्हणते ना… थांब, थांब, आल्या… हो आई, ताईचाच आहे. झालंच माझं… अहो, ठेवतेच आहे… आई, पण…

हॅलो. मी तिची सासू बोलतेय… नमस्कार. नाही, तब्येत उत्तम आहे तिची. उमेदवाराला आता फोन मिळणार नाही. चर्चेचा सराव राहिलाय… माणसं जमवलीत मी. शेजारचे दोघं आहेत, नात आहे आणि माझा मुलगा. तो हसला तर त्याला बाहेर काढणार आहे… निवड होईल का, ते मी कसं सांगू? बोलताना हात फार हलवते. तेवढं सुधारायला हवं… हं… तुमच्या वडिलांचं आजच ऐकलं मी. माहीत नव्हतं… असू दे, असू दे. रडू नका…

घराचं? घराचं मी बघेन. दोन वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे… तिला? तिला वेगळं कशाला सांगायचं? इथेच उभी आहे, ऐकतेय… हो, तीही रडतेय. डोळे धुवायला पाच मिनिटं दिलीत मी तिला. ठेवते.