आउटडोअर कुठे लावू?

एसीच्या दुकानात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक बाई होत्या, काउंटरमागे मेकॅनिक.

"आजच बसवून द्या हो. सासूबाई काल चक्कर येऊन पडल्या."

"ताई, रांग बघताय ना? तोवर खिडकी उघडी ठेवा."

"कशी ठेवू? समोरच्यांच्या एसीची गरम हवा सरळ आमच्या खोलीत येते. माणूस भाजून निघतो!"

"कुठली बिल्डिंग?"

"पाण्याच्या टाकीमागची. दुसरा मजला."

"मग तो मीच बसवलाय."

"तुम्ही? आणि आमची खिडकी दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली ना. पण त्यांचंही तेच रडगाणं होतं. शेजारच्यांनी लावला, यांच्या घरात गरम व्हायला लागलं, म्हणून यांनी लावला."

"पूर्वी सगळ्यांचं पंख्यावर भागायचं."

"पूर्वी माझंही फ्रिजदुरुस्तीवर भागायचं. आता जेवायला सवड नाही. जो तो आपलं घर गार करतोय, मग गल्ली तापणार नाही तर काय? बरं, तुमचा आउटडोअर कुठे लावू? गरम हवा कुठेतरी सोडावीच लागते."

"मागच्या भिंतीला लावा."

"तिकडे कोणाची खिडकी आहे?"

"एक आजोबा आहेत. एकटेच राहतात."

"खिडकी बंद असते?"

"नाही हो. सताड उघडी. वाऱ्यासाठी."

"मग? काय करू?"

बाईंनी रुमालाने मान पुसली. मागे वळून रांगेकडे पाहिलं.

"लावा. आणि तुमचं एक कार्ड जास्तीचं द्या. आजोबांना लागेल."