डब्यासंग पॉलिश

नाई बापा, एकटा डबा मिळत नाई — डबा पाहिजे तर पॉलिशही घ्या लागते. हौ, बुटाची पॉलिश. काळी. आता पायाकडं काहून पाहून राह्यला? मले दिसते ना — लामत्याहून बसनं आला, पायात चप्पलही नाई. पण दुकान माह्यं, दुर्गाबाईचं, असलं तरी कायदा कंपनीचा आहे! नागपूरहून पुनाराम येते, कंपनीचा एजंट — लेकराच्या दुधाच्या पावडरीचे बारा डबे, त्याच्यासंग पॉलिशच्या बारा डब्या. पॉलिश नाई घेतली तर पावडर नाई. मी म्हटलं, साब, बालाघाटात बूट घालते कोन? कलेक्टर, मास्तर अन् पोलीस. तर म्हणे, "अम्मा, ऊपर से ऑर्डर है." वर म्हणजे कुठी, विचारलं — तर त्यालेही ठाऊक नाई बिचाऱ्याले. अन् दुसऱ्या कोनाची पावडर इथं येतच नाई, मंग भांडावं कोनाच्या जोरावर?

मंग मी डोकं चालवलं. पोळा आलता. म्हटलं, बैलाच्या शिंगाले लावा, वार्निशपेक्षा चमकते — दोन डझन गेल्या ना एका दिवसात! हट्टा गावचा डोमाजी जोडी घेऊन तोरणाखाली उभा, शिंगात तोंड दिसे. पण ऊन तापलं अन् पॉलिश लागली पाघळाले — बैलानं मान हलवली का पाटलाच्या सदऱ्यावर काळं, त्याची बायको रुख्माबाई ओवाळाले आली तर तिच्या नव्या लुगड्यावर काळं, बैलाच्या नैवेद्यावरही काळं! जोडी दोन दिवस एकमेकाले चाटून राह्यली अन् डोमाजी तिसऱ्या दिवशी माह्या दारात, काठी घेऊन. तवापासून शिंगाचं नाव काढत नाई मी.

तक्रार? केली ना. जबलपूरहून सरकारी साहेब आला तपासाले, वही घेऊन. चहा पेला, डबे पाह्यले, पॉलिश पाह्यली, लय मान हलवली — मंग हळूच म्हणे, बाई, नातीसाठी एक डबा पाहिजे होता, तिकडं मिळत नाई. देल्ला. अन् पॉलिशही देल्ली — नियम तो नियम! चुपचाप घेतली त्यानं. अन् वहीत काय लिहिलं? गिऱ्हाईक आपल्या खुशीनं घेते. कंपनीले चिठ्ठी टाकली तर तिकडून कॅलेंडर आलं — ते पाह्य भिताडावर, गुटगुटीत पोट्टं, कसं हसून राह्यलं. त्याच्या मायले कोनी पॉलिश देल्ली असन का?

आता हा एकच डबा आहे, शेवटचा — तिकडं काय पाहून राह्यला? पोत्याखालचे? ते… ते राखून ठेवलेत, माह्या लेकीच्या, पुष्पलतेच्या पोरासाठी. कितवं वर्ष त्याले? — आता तिसरीत गेला. हौ, बरं, भाव चढन म्हणून ठेवलेत, झालं समाधान? पण तो जन्मला तवा डब्यासाठी फिरलतो आम्ही, खोटं नाई. पुष्पलतेले दूधच उतरलं नाई, तुह्या बायकोसारखं, सीतेसारखं. तवा माह्यं दुकान नव्हतं. गोंदियाच्या दुकानदारानं मले डब्यासंग दाढीच्या ब्लेडी देल्ल्या — दहा पाकिटं! मी बाईमाणूस, तेही विधवा, दाढी कोनाची करू? भर बाजारात शिव्या देल्ल्या मी त्याले. म्हटलं, तुह्या तोंडात किडे पडतीन. लेकरू तिकडं रडून राह्यलं अन् तू…

तू मले मनात शिव्या देऊन राह्यला का रे? मोठ्यानं दे ना. — नाई देत? काहून नाई देत? लेकरू किती दिवसाचं म्हणाला? अकरा? अन् आता काय पेते? पेज? अकरा दिवसाच्या लेकराले भाताची पेज!

धर. दोन धर, पोत्याखालचे. एकाचे पैसे दे, एकाचे पाहू. पानी उकळून घेजो — डब्यावर सारं इंग्रजीत लिहिलं आहे, ते काही तुले वाचता येनार नाई, मलेही येत नाई, दवाखान्यातल्या नर्सबाईले विचारूनच पाजजो. पॉलिश राहू दे. पळ, बस भरून राह्यली.

ए, थांब! बसमधी कोनी विचारलं तर सांगजो, पॉलिशही घ्या लागली म्हणून. नाई तर उद्या सारं लामता दारात उभं राहीन, अन् पुनारामले कळलं तर पावडरच बंद करन. — पण रिकाम्या हातानं कोन मानन तुह्यं? घे, एक डबी खिशात टाक. पैसे नको. जराशी बाहेर दिसू दे — हौ, अशी. जाय आता.