तेहतीसचे शहाण्णव

कवडू : भिंतीवर चांगली घडी टांगली आहे, अन् आमची भाची बाटलीतून टाइम गाळून राहिली! श्रुते, उद्या ही उलटी बाटली घेऊन पांढुर्ण्याच्या बसमधी बसशीन, तं लोक इचारतीन, पेशंट कुठं आहे?

श्रुती : हसा, मामा. स्पर्धेत घडी हातानं बनवलेलीच पायजे. परीक्षक एकदा घंटी वाजवतात, मंग पुन्हा वाजवतात. मधात किती सेकंद गेले ते माझ्या बाटलीनं सांगायचं. मोबाइल बंद, भिंतीवरची घडीही झाकून ठेवतात.

कवडू : अन् सांगते का तुही बाटली?

श्रुती : पाच मिनिटांत दोन सेकंदांचा फरक. आधी चौदाचा होता. बाटली रिकामी होत गेली की थेंब सुस्तावतात. म्हणून वरतून पाणी चालू ठेवते, जास्तीचं ह्या भोकातून सांडते. पातळी हलत नाही.

कवडू : वा रे! तीस वर्षं कंपाउंडरी करून राहिलो, घरोघरी सलाइन लावल्या, मले नाही सुचलं हे. अन् ही थेंब कमीजास्त करायची रोलरवाली नळी? माझ्या थैलीतून उडवली वाटते.

श्रुती : नाही, आजीची आहे. पोळ्याले आपण सगळे रामाकोन्याले आजीच्या घरी होतो ना, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आजीले लावली होती, तीच. धुऊन ठेवली मी.

कवडू : हं.

श्रुती : तिथूनच तं सुचलं. आजीजवळ बसल्या बसल्या थेंब मोजत होती. वहीचं पहिलं पान तेच आहे, अन् तिथंच शाळेतल्या वैशाली मॅडमनं लाल गोल मारला. हे पाहा.

कवडू : चष्मा नाही आणला. तू वाच.

श्रुती : 'नऊ दहा, एका मिनिटात तेहतीस थेंब. नऊ वीस, तेहतीस. नऊ तीस, तेहतीस. नऊ चाळीस, शहाण्णव.' समोर कारणाचा रकाना रिकामा. मॅडम म्हणतात, वेग एकदम तिप्पट काऊन झाला ते लिही, नाहीतर वहीचे मार्क गेले. मी पाणी प्यायले उठली होती, तेवढ्यात झालं ते. रोलर तुम्ही खोलला होता का, मामा?

कवडू : हे पान उद्या कोण कोण पाहीन?

श्रुती : तिघं परीक्षक. नंबर आला तं वही छिंदवाड्याले जाते.

कवडू : त्यात डॉक्टर आहे कोणी?

श्रुती : माहीत नाही. काऊन?

कवडू : फाड ते पान. दुसऱ्यापासून सुरू कर.

श्रुती : पानाले नंबर आहेत, मामा. पानापानावर मॅडमची सही आहे. एक फाडलं की मी स्पर्धेतून बाहेर.

कवडू : मंग लिही, मोजण्यात चूक झाली.

श्रुती : चूक नाही झाली! दोनदा मोजलं मी.

(श्रुतीची आई उर्मिला मागच्या दारातून आत आली आहे.)

उर्मिला : दोनदा मोजलं तिनं, कवडू.

कवडू : ताई! अवं, काही नाही, पोरीले जरा समजावून राहिलो...

उर्मिला : वही मी दसऱ्यालेच वाचली. पालकाची सही लागते ना. डॉक्टर काय म्हणाले होते? म्हातारीचं हृदय कमजोर आहे, एक बाटली पाच तासांत सोडा. तेहतीस थेंबांनं पाच तास होतात. शहाण्णवनं पावणेदोन. तेवढं गणित मलेही येते.

कवडू : दसऱ्यापासून माहीत आहे तुले? अन् भाऊबीजेले ओवाळलं मले?

उर्मिला : ओवाळू नको तं का करू? आई गेली. तुले सोडलं तं माहेर म्हणून का उरते मले? लोक म्हणाले, वय झालं होतं. मीही तेच म्हणत गेली.

कवडू : साडेअकराची बस होती, ताई. गोटमारीचा दिवस. पांढुर्ण्याले दोन बाजूंनी दगड चालू, अन् मलमपट्टीच्या तंबूत माझं नाव लागलेलं. तुमच्यात सुई काढता कोणाले येते? म्हटलं, बाटली संपवूनच निघावं.

उर्मिला : परक्याची डोकी बांधून राहिला होता तू. अन् घरी संध्याकाळी आईचा श्वास घरघरत होता.

कवडू : अजून एक आहे. ते वहीत नाही.

उर्मिला : बोल.

कवडू : रोलर खोलला तेव्हा आई जागी होती. 'बाबू, हळू सोड, छाती भरून येऊन राहिली,' म्हणे.

उर्मिला : अन् तू?

कवडू : म्हटलं, होते थोडं तसं. झोप.

श्रुती : आई, मी तं तिथंच होती. शहाण्णव मोजले, वहीत लिहिले, अन् खुश झाली, की वेग बदलवता येते. तेव्हाच कोणाले सांगितलं असतं तं...

उर्मिला : नाही, बेटा.

श्रुती : पण फक्त मलेच माहीत होतं ना, किती थेंब पडून राहिले ते.

उर्मिला : पाहा, कवडू. तू पान फाडायले निघाला होता. आता हे तिच्या डोक्यावर चाललं.

कवडू : श्रुते, इकडं पाहा. पेन घे. लिही.

श्रुती : काय लिहू?

कवडू : 'रोलर खोलला. खोलणाऱ्याले बस पकडायची होती.'

श्रुती : खोलणाऱ्याचं नाव नको?

कवडू : ताई, तू सांग.

उर्मिला : माझी सही झाली आहे. मले नको विचारू.

कवडू : टाक, बाई. कवडू. आडनाव लागत असंल तं तेही टाक.