पाय हलत होते

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक वकीलबाई आणि त्यांच्याकडे आलेला माणूस बोलत होते.

"जिना कारखान्याचा, कठडा त्यांचा कुजलेला. बहीण तिथूनच पडली. यात सिद्ध काय करायचं, मॅडम?"

"पडल्यामुळेच कमरेखालचं अंग लुळं झालं, हे. पडल्यावर ती पाय हलवत होती?"

"हो तर! 'दादा, काही नाही झालं' म्हणाली. मीच तिला खांद्यावर टाकून गाडीपर्यंत पळालो."

"डॉक्टरांच्या अहवालात लिहिलंय. पडल्यावर मणका नुसता तडकला होता. आतला मज्जारज्जू तुटला तो तिला उचलताना."

"म्हणजे... माझ्या हातून?"

"कायदा तसं म्हणत नाही. पडलेल्याला कुणीतरी उचलणारच. कठडा धड असता तर ती पडलीच नसती. जबाबदार कारखानाच."

"कायद्याचं राहू द्या हो. मी उचललं नसतं, तर ती आज चालली असती?"

"बहुतेक."

"हे तिला कळता कामा नये. हात जोडतो तुमच्यापुढे."

"अहो, दावा तिच्याच नावावर आहे. तिने महिन्यापूर्वीच सही करून अहवाल घेतलाय."

"महिन्यापूर्वी? आज सकाळी खुर्चीत बसवलं, तेव्हा म्हणाली, 'दादा, तुझ्याइतकं अलगद कुणीच उचलत नाही.'"