खाणीमागचं कुरण

वायोमिंगमधल्या त्या लहानशा गावात शिकारीच्या परवान्यासाठी रांग लागली होती. लॉर्नाच्या पुढे शेजारचा म्हातारा व्हर्लिन उभा होता आणि त्याच्यापुढे नवेकोरे बूट घातलेला एक अनोळखी माणूस.

"गावात नवीन दिसतोस."

"काल वर्ष झालं, काका. म्हणून तर आज इथल्या रहिवाशाचा परवाना मिळणार. सॅक्रामेंटोहून आलो."

"एवढ्या लांबून शिकारीला?"

"शिकार, काम आणि मुलीची शाळा. तिकडे वर्गात चौतीस मुलं. बाईंना हिचं नावही आठवायचं नाही."

"बरं."

"एक विचारू? एल्क हरणं कुठे मिळतील?"

लॉर्नाने मान खाली घातली. असलं इथे सख्ख्या भावालाही कुणी विचारत नाही.

"जुन्या खाणीमागच्या कुरणात. पहाटे जा."

"फार उपकार झाले."

"मुलगी कितवीत?"

"चौथीत. टेसा."

"टेसा तुझी होय? तिच्या वर्गात चारच मुलं होती. वर्ग बंद होणार होता."

"मग?"

"मग तू आलास. त्यांच्या बाई म्हणजे माझी लेक. सामान बांधून बसली होती, नातवासकट."

रांग दोन पावलं सरकली.

"खाणीमागे जाऊ नकोस."

"का?"

"तिथे काही मिळत नाही, सगळ्या नवख्यांना मी तिथेच पाठवतो. शनिवारी पहाटे माझ्या दारात ये, माझ्या गाडीतून जाऊ. हे बूट नकोत, करकरतात. आणि परतताना रस्ता विसरायचा."

"व्हर्लिन," लॉर्ना मागून म्हणाली, "तीस वर्षांपूर्वी मलाही तू तीच जागा सांगितली होतीस."

"मग?"

"अजून तिथेच जाते मी."