नाडीखालची जखम

शुभांगी : सोडा म्हणते ना नाडी, आत्याबाई. दाराला कडी घातलीये मी.

भागीबाई : काय बाई तरी! सासूला परकर सोडायला लावणारी सून पहिल्यांदाच बघते मी. बाहेर टेम्पो हुबा हाय, दसऱ्याचा झेंडू बाजारात न्यायचाय, अन् तुला हे सुचतंय?

शुभांगी : काल धुताना तुमच्या परकराच्या नेफ्यावर रक्त दिसलं. मागच्या आठवड्यातही होतं.

भागीबाई : नाडी काचते गं. डोक्यावर पाटी घेतली की परकर सरकतो, म्हणून आवळते. काचलं तिथं हळद लावते, वर चिंधी ठेवते, अन् आणखी घट्ट बांधते. म्हंजे हळद हलत नाय.

शुभांगी : जखमेवरच बांधता? अहो, कधीपासून?

भागीबाई : सिंहस्थात रामकुंडावर फुलं इकत होते, तवा झोंबाया लागलं.

शुभांगी : म्हणजे वर्ष उलटून गेलं की! आणि कुणाला बोलला नाहीत?

भागीबाई : कमरेचं दुखणं कुणाला दाखवू? लाज हाय का नाय?

शुभांगी : कुणाला नको, आधी तुम्हीच बघा. हा आरसा धरा.

भागीबाई : मी तर कधी बघितलंच नाय. न्हातानाबी हातानंच चाचपते.

शुभांगी : आज बघा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर सांगत होत्या, आपलं अंग आपणच उजेडात बघावं. महिना-महिना न भरणारी जखम दिसली, की हळदीच्या नादी लागायचं नाही.

भागीबाई : (आरसा कमरेशी धरून) अगं बाई... हे माझ्या अंगावर हाय? मला वाटलं, नुसती साल गेली असंल. कडा कशा फुगल्यात बघ. शुभे, भ्या वाटतंय गं मला.

शुभांगी : मलाही वाटतंय. म्हणूनच आज सिव्हिलला जायचं. तुकडा काढून तपासतात. कातडीचा कॅन्सर असला, तरी लवकर सापडला तर कापून काढता येतो.

भागीबाई : नाव नको घेऊ त्याचं! दसरा होऊ दे, मग जाऊ.

शुभांगी : दसरा नाही नि दिवाळी नाही. येत नसाल तर मामंजींना सांगते.

भागीबाई : खबरदार!

मल्हारी : (दाराबाहेरून) अगं ए, सासवा-सुना कडी लावून काय करताय आत? पाट्या भरून झाल्या, डायवर बोंबलतोय!

शुभांगी : सांगू?

भागीबाई : थांब. माझं अंग हाय, मीच सांगते. अहो, ऐकलं का? माझ्या कमरेला जखम हाय. वरीस झालं, बरी होत नाय. मी बाजारात नाय जायची. शुभीसंगं सिव्हिलला चालले.

मल्हारी : वरीस झालं? अन् मला आज सांगतेस?

भागीबाई : मलाच आज दिसली.

मल्हारी : टेम्पोत पुढं बसा दोघी. पाट्या उतरवतो मी.

भागीबाई : अन् झेंडू? सुकंल की हो सगळा!

मल्हारी : सुकू दे. तू चल.

शुभांगी : नाडी सैल बांधा आता, जखमेच्या खाली. आणि आत्याबाई, आधीच सांगते, तिथं डॉक्टर बाप्या असला तर?

भागीबाई : असला तर असला. तो बघंल, अन् मीबी बघीन.