गोदाबाईंची शिकवणी

गोदाबाई : वहीत काय बगता, मास्तर? माझ्या तोंडाकडं बगा.

त्र्यंबक : बघतोय की.

गोदाबाई : तुमी चुलीकडं बगताय.

शालू : आई, लाजतात ते. परक्या बाईच्या तोंडाकडं कसे बगतील?

गोदाबाई : अगं सूनबाई, साठीची बाई मी. चार दात राहिलेत. सायबाच्या बंगल्यावर मी आया होती, तवा त्याची पेगी बेबी दीड वर्साची होती, मांडीवर बसून माझ्या ओठांकडं टकमक बगायची. म्हनून तर बोलाय लागली.

त्र्यंबक : ती दीड वर्षाची होती, गोदाबाई. मी बेचाळीसचा आहे.

गोदाबाई : मंग उशीरच झालाय. हात पुढं करा. शालू, चिमूटभर कोंडा ठेव त्यांच्या तलव्यावर. हां. तलवा तोंडासमोर धरा नि म्हना, 'पॉट'.

त्र्यंबक : पॉट.

शालू : कोंडा हाललाच नाय.

गोदाबाई : आपला 'प' म्हनलाव तुमी. तो जागेवर बसून राहतो. सायबाचा 'प' उडी मारतो. 'फ' नाय हां. ओठ पक्के मिटायचे, नि मंग एकदम हवा सोडायची. असं. पॉट.

त्र्यंबक : सगळा कोंडा माझ्या सदऱ्यावर आला.

गोदाबाई : यायलाच पायजे. शालू, अजून ठेव. म्हना.

त्र्यंबक : पॉट... उडाला. गोदाबाई, थोडासा उडाला.

शालू : दोन कन उडाले. मी मोजले.

त्र्यंबक : पंचवीस वर्षं वाचतोय मी ही भाषा. हे कुणी सांगितलंच नाही. आमचे मास्तरही पुस्तकातूनच शिकलेले. गोऱ्या माणसाच्या तोंडून इंग्रजी ऐकलं ते एकदाच, ठाणे स्टेशनावर. 'बाजूला हो' एवढंच म्हणाला तो मला.

शालू : आणि तुमी झालात बाजूला.

त्र्यंबक : झालो. समजलं ना मला, त्याचाच आनंद झाला होता.

गोदाबाई : आमचा दगडू सांगत होता, सोमवारी तुमच्या शालेत कोन मोठा मानूस येनार म्हनून.

त्र्यंबक : इन्स्पेक्टर. सरकारनं आता इंग्रजी आठवीपासून ठेवलंय. डोंबिवलीच्या आमच्या शाळेत तो वर्ग मला द्यायचा की नाही, ते माझा पाठ ऐकून ठरवणार. दगडू शिपाई असला तरी माझी घालमेल त्यालाच कळली. म्हणाला, कोलशेतला आमच्या काकूकडे जा. लहानपणी तुमची भाकरी घेऊन तो बंगल्यावर यायचा, तेव्हा त्यानं तुम्हाला बेबीशी बोलताना ऐकलंय.

शालू : नि वर्ग नाय मिलाला तर?

त्र्यंबक : तर आहेच आपलं, पाचवीचं शुद्धलेखन. ते वाईट नाही. पण माझं ह्या भाषेवर फार प्रेम आहे हो. आणि मोठ्यानं मी ती कधी बोललोच नाही.

शालू : घरच्या बाईशीपन असंच असंल तुमचं.

गोदाबाई : गप गं. मास्तर, कान लाल झाले तुमचे. चला, आता 'बर्ड'. तोंड उघडायचं नाय, मिटायचंपन नाय. गाढ झोपलेल्या मानसाचं असतं ना, सैल, तसं सोडायचं. बऽऽड.

त्र्यंबक : पण त्यात 'र' लिहिलेला आहे.

गोदाबाई : असंल लिवलेला. मी कुठं वाचलाय? मडम कवा बोलायची नाय तो.

त्र्यंबक : बऽऽड.

गोदाबाई : बेस. आता 'दॅट'. जीभ दातांमधून जराशी भायेर.

त्र्यंबक : जीभ बाहेर? वर्गात? इन्स्पेक्टरसमोर?

गोदाबाई : आधी म्हातारीसमोर काढा. माझा तर दातांच्या खिंडीतून नुसता वारा जातो, तुमचे हायत धड. काढा. डोले मिटून काढा पायजे तर. वेल नका लावू.

त्र्यंबक : वेळ.

गोदाबाई : माझी मराठी सुधराय आयलाव का इंग्रजी शिकाय?

त्र्यंबक : चुकलो. काढतो जीभ.

(पुढच्या रविवारी. तीच पडवी.)

शालू : आई, मास्तर आयले. हातात पेढे हायत, पन तोंड सुतकी हाय.

गोदाबाई : बसा. वर्ग नाय मिलाला?

त्र्यंबक : मिळाला.

गोदाबाई : मंग?

त्र्यंबक : इन्स्पेक्टर म्हणाले, असे स्वच्छ उच्चार मी ह्या जिल्ह्यात ऐकले नाहीत. हेडमास्तर होते, सगळे मास्तर होते. त्यांच्यासमोर विचारलं, कुठं शिकलात?

गोदाबाई : काय सांगितलंत?

त्र्यंबक : म्हणालो, पुस्तकांतून.

शालू : पुस्तकांतून.

त्र्यंबक : तुमचं नाव आलं होतं हो ओठांवर. मग वाटलं, हसतील. आयाकडून शिकला म्हणून मला हसतील. तेव्हापासून झोप नाही मला.

शालू : आई, बोल की कायतरी.

गोदाबाई : काय बोलू? मडमेनंपन तेच केलं. बेबी पयलं वाक्य बोलली ती माझ्या मांडीवर, 'पुट मी डाउन'. मडमेनं आपल्या आईला इलायतेला कागद लिवला, मी शिकवली म्हनून. मना वाचूनपन दाखवला, हसत. मी काय करनार? मीपन हसली.

त्र्यंबक : मग तिच्यात आणि माझ्यात फरक तो काय.

गोदाबाई : तुमी ठान्यापासून चालत सांगाय आयलाव. ती शेजारच्या खोलीत होती, नि कबूल कराय कवा आयली नाय.

त्र्यंबक : मी उद्याच इन्स्पेक्टरांना पत्र लिहितो. सविस्तर.

गोदाबाई : लिवनं तुमाला येतंच. तोंडानं सांगा. हेडमास्तरांना नि त्या आठवीच्या पोरांना. पन तुमचा आवाज अजून चुलीपर्यंत जात नाय. आधी इथं म्हना.

त्र्यंबक : काय म्हणू?

गोदाबाई : ते तुमी ठरवा. मी फक्त उच्चार शिकवते.

त्र्यंबक : मला... गोदाबाई भोईरांनी शिकवलं.

गोदाबाई : ओठ हालले. आवाज कुठं हाय?

त्र्यंबक : मला कोलशेतच्या गोदाबाई भोईरांनी शिकवलं.

गोदाबाई : काय शिकवलं? भात कांडाय?

त्र्यंबक : इंग्रजी.

गोदाबाई : मंग तेपन घाला त्यात. नि पलीकडच्या अंगनात आमचा कालुराम जालं विनतोय, त्याला ऐकू गेलं पायजे.

त्र्यंबक : माणसं जमतील, गोदाबाई.

शालू : वर्गात काय बकऱ्या असतात?

त्र्यंबक : थांबा. श्वास घेतो. मला, कोलशेतच्या गोदाबाई भोईरांनी, इंग्रजी शिकवलं.

काळुराम, पलीकडून : ऐकू आयलं, मास्तर. आमाला वाटायचं, ती बंगल्यावर निस्ती धुनी धुवायची.